‘माझ्याकडे चालतं, मालकांकडे उघडत नाही’: डीएलएलची यादी नक्की करायची कुणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्याच एका तरुणाने सी प्लस प्लस आणि क्यूटी (खिडक्या-बटणांची तयार लायब्ररी) वापरून टॉवेल कारखान्यासाठी स्टॉक आणि बिलांचं छोटं सॉफ्टवेअर बनवलं. स्वतःच्या लॅपटॉपवर ते झकास चालतं. पेन ड्राइव्हवर एक्झी, म्हणजे प्रोग्रॅमची चालणारी फाइल, घेऊन तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेला, मालकांच्या पीसीवर डबल क्लिक केलं, तर ‘क्यूटी५कोअर.डीएलएल सापडत नाही’. (डीएलएल म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररीची सुटी फाइल.) ती नेऊन टाकली तर दुसरी मागितली, दुसरी दिली तर तिसरी. काही फाइली त्याने आपल्या लॅपटॉपच्या सिस्टम३२ मधून उचलल्या, एक कुठल्याशा ‘फुकट डीएलएल’वाल्या साइटवरून उतरवली. आता ‘सी०००००७बी’ असा आकडा येतो आणि प्रोग्रॅम उघडतच नाही. त्याचं विचारणं असं की बिल्ड करतानाच, म्हणजे कोडमधून एक्झी बनवतानाच, लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी एक्झीसोबत आपोआप गोळा व्हाव्यात, अशी काही सोय आहे का?

आहे, आणि ती तुमच्या लॅपटॉपवर आत्ताही पडून आहे. पण तिचं नाव सांगून मोकळा झालो तर आठ दिवसांनी तुम्ही वेगळी एरर घेऊन परत याल, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

फाइली कॉपी करणं ही तुमची अडचण नाही. कुठल्या फाइली लागतात याची पुरी यादी तुमच्याकडे नाही, ही अडचण आहे. लग्नाचा आचारी आधी सामानाची यादी देतो: तेल इतकं, डाळ इतकी, गूळ इतका. ती आपण आणतो. पण ऐन स्वयंपाकात तो हाक मारतोच, ‘जरा खसखस बघा हो.’ ती यादीत नव्हती, कारण तिची गरज त्याला त्या क्षणी आठवली. एक्झीचं तसंच आहे. तिच्या पोटात एक छापील यादी असते, तिला इंपोर्ट टेबल म्हणतात. एक्झी जुळवणारा लिंकर ती लिहितो आणि प्रोग्रॅम सुरू होण्याआधी विंडोज ती वाचतं. त्यातलं एक नाव जरी सापडलं नाही तरी प्रोग्रॅम सुरूच होत नाही. शिवाय यादीतल्या प्रत्येक डीएलएलच्या पोटात तिची स्वतःची यादी असते. क्यूटी५विजेट्सला क्यूटी५जीयूआय लागते, तिला क्यूटी५कोअर लागते. म्हणून तुम्ही एक फाइल दिली की पुढचं नाव उगवत होतं.

इथवरचं काम कुठलंही साधन डोळे झाकून करतं, कारण यादी छापील आहे. खसखशीचं काय? प्रोग्रॅम चालू झाल्यावर मधेच एखादी डीएलएल नावाने हाक मारून बोलावतो. ती कुठल्याच यादीत नसते. क्यूटीचे सगळे प्लगइन, म्हणजे गरजेप्रमाणे जोडले जाणारे सुटे भाग, याच जातीचे. पुढचं सगळं उत्तर या दोन प्रकारांतल्या फरकावर उभं आहे.

आता तुमच्या आकड्याकडे येऊ. सी०००००७बीचा अर्थ फाइल सापडली नाही असा नसतो. सापडली, पण चुकीच्या घडणीची सापडली. बहुतेक वेळा ३२ बिट एक्झीच्या ताटात ६४ बिट डीएलएल वाढलेली असते, किंवा उलट. तुम्ही सिस्टम३२ मधून फाइली उचलल्या म्हणता, तिथेच पाय घसरला असणार. ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ या फोल्डरात ६४ बिट फाइली असतात आणि ३२ बिटच्या सिसवाव६४ मध्ये. होय, नावं बरोबर उलटी. जुन्या प्रोग्रॅमांमध्ये सिस्टम३२ हे नाव कोरलेलं होतं, ते मोडू नयेत म्हणून ते तसंच ठेवलं. तुमचं किट (कंपायलर आणि त्याला जुळणारी क्यूटी हा संच) ३२ बिटचं असेल आणि एमएसव्हीसीपी१४० ही मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची फाइल तुम्ही सिस्टम३२ मधून घेतली असेल, तर कोडं सुटलं.

आणि ती साइटवरून उतरवलेली फाइल आजच्या आज काढून टाका. तिची आवृत्ती कुठली, तिला कुणी हात लावलाय, काही कळायला मार्ग नसतो. मालकांच्या पीसीवर जीएसटीचा पासवर्ड आहे, बँकेचं काम चालतं. आपल्या हाताने तिथे अनोळखी डीएलएल ठेवायची नाही.

मग लॅपटॉपवर कसं चालत होतं? क्यूटी क्रिएटर या कोड लिहायच्या प्रोग्रॅममधून ‘रन’ दाबलं की तो स्वतः किटच्या बिन फोल्डरचा रस्ता पाथमध्ये (विंडोज जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) घालून तुमची एक्झी चालवतो. सगळ्या डीएलएल तिथे असतात, म्हणून चालतं. क्रिएटर बंद करा, बिल्ड फोल्डर उघडा, एक्झीवर डबल क्लिक करा. बहुतेक तुमच्याच लॅपटॉपवर तीच एरर येईल. ही चाचणी पेन ड्राइव्ह खिशात टाकण्याआधीच करायची असते. पहिल्यांदा मीही केली नव्हती.

माझी सुरुवात व्हिज्युअल बेसिक ६ वर झाली. तेव्हा सेटअप बनवला की तो डीएलएल आणि ओसीएक्स (तयार कंट्रोलच्या फाइली) थेट विंडोजच्या सिस्टम फोल्डरात नेऊन टाकायचा आणि रजिस्टर करायचा. एका गिऱ्हाइकाकडे, विंडोज ९८ च्या मशीनवर, मी माझा सेटअप चालवला आणि खुशीत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. ‘ओ सर, तुमचं उघडतंय की, पण आमचं हिशोबाचं उघडंना झालंय.’ माझ्या सेटअपने एका ग्रीड कंट्रोलची जुनी ओसीएक्स तिथल्या नव्यावर चढवली होती आणि त्यांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर नव्यावर अवलंबून होतं. मार्च महिना. मालक शांतपणे तेलुगूत कुणाशी तरी फोनवर बोलले, त्यातलं मला फक्त ‘सॉफ्टवेअर’ एवढंच कळलं, पण सूर कळला. त्या दिवसापासून एक नियम पाळतोय: माझं सामान माझ्या फोल्डरात. सिस्टम फोल्डरात हाताने काहीही टाकायचं नाही.

या नियमाला विंडोजचाही आधार आहे. डीएलएल शोधताना विंडोज सर्वसाधारणपणे आधी एक्झी ज्या फोल्डरात आहे तिथे बघतं, मग सिस्टम फोल्डर, मग विंडोज फोल्डर, चालू फोल्डर आणि सर्वांत शेवटी पाथ. विंडोजच्या स्वतःच्या काही ठरलेल्या डीएलएल सोडल्या तर पहिला मान एक्झीच्या शेजाऱ्याचा. त्यामुळे गरजेची फाइल शेजारी ठेवली की दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने पाथमध्ये जुनी क्यूटी घुसवली असली तरी तुम्हाला झळ पोचत नाही. शेजारी ठेवली नाही आणि पाथमधली परकी आवृत्ती गळ्यात पडली, तर ‘प्रोसीजर एंट्री पॉइंट सापडला नाही’ ही एरर दिसते. ती दिसली तर समजा, फाइल आहे पण दुसऱ्याच वयाची.

आता ते साधन. क्यूटीसोबतच, किटच्या बिन फोल्डरात, विनडिप्लॉयक्यूटी नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. त्याला तुमची एक्झी दाखवायची. तो तिची यादी वाचतो, क्यूटीचे कुठले भाग लागतात ते ठरवतो, त्या डीएलएल शेजारी आणून ठेवतो, आणि त्या भागांना लागणारे प्लगइनही त्यांच्या त्यांच्या उपफोल्डरांसह आणतो. म्हणजे क्यूटीपुरती खसखस त्याला पाठ आहे. आचाऱ्याच्या घरचाच माणूस आहे तो.

वापरायची माझी पद्धत अशी. रिलीज बिल्ड, म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायचं, करायचं. फक्त एक्झी उचलून एका नव्या, रिकाम्या फोल्डरात ठेवायची. स्टार्ट मेनूत क्यूटीने टाकलेला त्याच किटचा कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, साधा नाही. तिथून विनडिप्लॉयक्यूटीला ‘रिलीज’ हा पर्याय स्पष्ट देऊन त्या एक्झीवर चालवायचं. बस. रिकामं फोल्डर यासाठी की बिल्ड फोल्डरात ऑब्जेक्ट फाइलींचा कचरा असतो आणि कुठली फाइल कुणी आणली ते नंतर कळत नाही.

‘त्याच किटचा’ या शब्दांवर जोर देतोय. लॅपटॉपवर मिंगडब्ल्यू या मोफत कंपायलरचं एक किट आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचं दुसरं, असं बहुतेकांकडे असतं. एका किटने बांधलेल्या एक्झीवर दुसऱ्याचा विनडिप्लॉयक्यूटी चालवला तर तो बिनतक्रार चुकीच्या फाइली आणून ठेवतो. नावं तीच, आकार थोडेफार वेगळे, आणि तुम्ही दोन दिवस डोकं धरून बसता.

‘रिलीज’ स्पष्ट सांगायचं कारण वेगळं आहे. डीबगच्या, म्हणजे चुका शोधण्यासाठी बांधलेल्या, फाइली निराळ्या असतात. मायक्रोसॉफ्टच्या किटमध्ये त्यांच्या नावाच्या शेवटी डी लागतो, क्यूटी५कोअरडी वगैरे. त्यांना लागणारा मायक्रोसॉफ्टचा डीबग रनटाइम (प्रोग्रॅम चालताना लागणाऱ्या कंपायलरच्या फाइली) दुसऱ्याला वाटायला परवानगी नाही आणि तो गिऱ्हाइकाच्या पीसीवर नसतोच. डीबग एक्झी बाहेर नेलीत की हे दुष्टचक्र सुरू. मालकांकडे नेलेली तुमची एक्झी डीबगची होती का, हेही एकदा तपासा. क्रिएटर डीफॉल्टने डीबगच बांधतो.

हे केल्यावर तुमच्या फोल्डरात क्यूटीच्या डीएलएल दिसतील आणि प्लॅटफॉर्म्स, इमेजफॉरमॅट्स, स्टाइल्स, एसक्यूएलड्रायव्हर्स असे उपफोल्डर. त्यातल्या प्लॅटफॉर्म्समध्ये क्यूविंडोज.डीएलएल असते. ती नसेल तर ‘कुठलाही क्यूटी प्लॅटफॉर्म प्लगइन सुरू करता आला नाही’ अशी एरर येते, जी क्यूटीवाल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी पाहिलेली असते. अनेक जण ही फाइल सापडली म्हणून एक्झीच्या शेजारी मोकळीच टाकतात. तशी चालत नाही. ती त्या नावाच्या उपफोल्डरातच हवी.

प्लगइन न नेण्याचा सगळ्यात वाईट प्रकार मात्र एरर देणारा नसतो. तो काहीच बोलत नाही. मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानासाठी मी पट्टीचं सॉफ्टवेअर दिलं होतं, क्यूटी ५ वर. तेव्हा मी शहाणा होतो. विनडिप्लॉयक्यूटी फार सामान आणतो, फोल्डर फुगतं, म्हणून डीएलएल हाताने निवडून नेल्या. सॉफ्टवेअर उघडलं, शेतकऱ्याचं नाव टाकलं, वजन टाकलं, हमाली-तोलाई वजा झाली, सगळं ठीक. छापायला गेलो तर प्रिंटरची यादी रिकामी. विंडोजमध्ये प्रिंटर दिसतोय, चाचणी पान निघतंय, माझ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र एकही नाव नाही. कांद्याच्या आवकेचे दिवस, बाहेर गाड्यांची रांग, आणि मी प्रिंटरचा ड्रायव्हर काढून परत टाकतोय. दोन फेऱ्या झाल्यावर ध्यानात आलं. क्यूटी ५ मध्ये छपाईसाठी प्रिंटसपोर्ट नावाच्या उपफोल्डरात एक वेगळा प्लगइन लागतो. तो नसेल तर क्यूटी तक्रार करत नाही, नुसतं म्हणतं, प्रिंटर नाहीत. (क्यूटी ६ मध्ये हा वेगळा प्लगइन राहिलेला नाही.) पंचवीस एमबी वाचवायला गेलो आणि अख्खी सकाळ घालवली. तुमचंही बिलांचं काम आहे, म्हणून हे सविस्तर सांगितलं. जेपीईजी लोगो न दिसणं हाही याच घरातला पाहुणा, त्याचा प्लगइन इमेजफॉरमॅट्समध्ये असतो.

फोल्डर हलकं करायचंच असेल तर भाषांतराच्या फाइली नकोत असं सांगता येतं, आणि ओपनजीएल३२एसडब्ल्यू नावाची जवळपास २० एमबीची एक डीएलएल असते, तीही टाळता येते. साध्या विजेट्सच्या बिल-स्टॉक प्रोग्रॅमला ती सहसा लागत नाही. क्यूएमएल (पडदे लिहायची क्यूटीची वेगळी भाषा) वापरलं असेल तर मी तिला हात लावत नाही. क्यूएमएलवाल्यांनी आणखी एक करायचं: ‘क्यूएमएलडिर’ या पर्यायाने तुमच्या क्यूएमएल फाइली जिथे आहेत ते सोर्सचं फोल्डर दाखवायचं. एक्झीकडे बघून त्यातले इंपोर्ट कळत नाहीत.

आता हे साधन काय आणत नाही ते बघा, कारण ‘आपोआप’ या शब्दाची हद्द इथे संपते.

एक, क्यूटीबाहेरचं सगळं. तुमचा डेटा एसक्यूलाइटमध्ये असेल तर निश्चिंत राहा, त्याचा ड्रायव्हर स्वयंपूर्ण आहे. मायएसक्यूएल असेल तर क्यूटीच्या ड्रायव्हरला मागे लिबमायएसक्यूएल.डीएलएल लागते, ती मायएसक्यूएलकडून येते आणि तुम्हालाच शेजारी ठेवावी लागते. नसेल तर ‘क्यूमायएसक्यूएल ड्रायव्हर लोड झाला नाही’ असं दिसतं, आणि गंमत म्हणजे उपलब्ध ड्रायव्हरांच्या यादीत त्याचं नाव तरीही असतं. बारकोडची किंवा वजनकाट्याची दुसऱ्या कुणाची डीएलएल असेल तर तीही तुमची जबाबदारी.

दुसरी गोष्ट ओपनएसएसएल, म्हणजे सुरक्षित इंटरनेट जोडणीची लायब्ररी. ई-इनव्हॉइससाठी किंवा एसएमएससाठी सॉफ्टवेअर इंटरनेटवर जाणार असेल तर क्यूटी ५.१५ ला ओपनएसएसएल १.१.१ च्या लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो या दोन डीएलएल हव्यात. त्या चालू असताना बोलावल्या जातात, म्हणून कुठल्याच यादीत दिसत नाहीत. पुन्हा खसखस.

तिसरी कंपायलरच्या रनटाइमची. मिंगडब्ल्यू असेल तर लिबजीसीसी, लिबएसटीडीसी++ आणि लिबविनपीथ्रेड या तीन फाइली विनडिप्लॉयक्यूटी स्वतः आणतो. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर असेल तर तो सुट्या डीएलएल आणत नाही, व्हीसी-रीडिस्ट हा मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉलर आणून ठेवतो, आणि तोही व्हिज्युअल स्टुडिओचा पत्ता त्याला सापडला तरच. ‘व्हीसीइन्स्टॉलडिर सेट नाही’ अशी एक ओळ तो छापतो आणि पुढे जातो. ती ओळ आपण वाचत नाही. वाचा. आणि तो इन्स्टॉलर नुसता फोल्डरात असून उपयोग नाही, गिऱ्हाइकाकडे एकदा चालवावा लागतो. अनेक पीसींवर दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने तो आधीच बसवलेला असतो, त्यामुळे दहापैकी आठ ठिकाणी तुमचं सॉफ्टवेअर चालतं आणि उरलेल्या दोन ठिकाणी तुम्ही अडाणी ठरता.

गिऱ्हाइकाकडे विंडोज कुठलं आहे यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते मला इथे बसून सांगता येणार नाही. आपल्याकडे मागावाल्यांच्या ऑफिसात विंडोज ७ चे पीसी अजून सुखाने नांदतायत. धूळ आहे, कापसाचा भुगा आहे, मशीन चालतंय तर बदलायचं कशाला, हा हिशोब मला चुकीचाही वाटत नाही. पण क्यूटी ६ विंडोज ७ वर चालत नाही, तिला विंडोज १० लागतं. ७ साठी ५.१५ वरच थांबावं लागेल. शिवाय विंडोज ७ वर ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ने सुरू होणारी लांबलचक नावाची डीएलएल मागितली, तर तो युनिव्हर्सल सी रनटाइम आहे. विंडोज १० मध्ये तो अंगचाच असतो, ७ वर अपडेटने किंवा व्हीसी-रीडिस्टने येतो, आणि त्याआधी सर्व्हिस पॅक १ असावा लागतो. म्हणून काम घेतानाच, पैशाचं बोलण्याआधी, मालकांच्या पीसीवर विंडोजची आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट हे डोळ्यांनी बघून या. पीसी ३२ बिटचा असेल तर ६४ बिट एक्झी तिथे कुठल्याही उपायाने चालणार नाही.

तुम्ही विचारलं होतं ‘बिल्ड करतानाच’. तेही जमतं. बिल्ड चालवायला क्यूमेक वापरत असाल तर प्रोजेक्ट फाइलमध्ये लिंकनंतर चालवायची आज्ञा देता येते, तिथे विनडिप्लॉयक्यूटी घाला. सीमेक असेल तर टार्गेटला बिल्डनंतरची कस्टम कमांड जोडा. क्यूटी ६.३ पासून सीमेकसाठी खास डिप्लॉय स्क्रिप्ट तयार करणारं फंक्शनही क्यूटीने दिलंय, त्यामुळे इन्स्टॉलची पायरी चालवली की सगळं एका फोल्डरात येतं. क्यूटीबाहेरच्या लायब्ररींसाठी सीमेक ३.२१ पासून ‘टार्गेट रनटाइम डीएलएल्स’ नावाची सोय आहे. तुमच्या टार्गेटला ज्या शेअर्ड लायब्ररी जोडल्यात त्यांच्या डीएलएलची यादी ती देते आणि तुम्ही ती कॉपी करायची. पण सीमेकला ज्या ठाऊक आहेत त्याच. नुसता लिब फाइलचा रस्ता देऊन जोडलेली लायब्ररी तिला दिसत नाही. व्हीसीपीकेजी हे लायब्ररी आणून देणारं साधन वापरत असाल तर तो त्याच्याकडच्या डीएलएल एक्झीशेजारी आपणहून आणतो, मीही नव्या कामांना तेच वापरतो.

माझं मत विचाराल तर प्रत्येक बिल्डला हे लावू नका. दिवसात पन्नास वेळा बिल्ड होतं, दर वेळी कॉपी होत राहिली तर वैताग येतो, आणि वैताग आला की माणूस ती ओळ कमेंट करून टाकतो. मी एक छोटी बॅच फाइल ठेवतो. ती रिकामं फोल्डर करते, रिलीज एक्झी आणते, विनडिप्लॉयक्यूटी चालवते, मग मी हाताने लिहिलेल्या ‘जादा’ यादीतल्या फाइली आणते आणि शेवटी इन्स्टॉलर बांधते. ती जादा यादी प्रत्येक कामाची वेगळी असते आणि सोर्ससोबतच जपलेली असते. दर वेळी काहीतरी राहिलं की ते त्या यादीत जातं, परत राहत नाही.

आता तपासणी, जी बहुतेक जण करत नाहीत. कोरा पीसी लागतो, ज्यावर क्यूटी, व्हिज्युअल स्टुडिओ काहीही बसवलेलं नाही असा. माझ्याकडे टेबलाखाली एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर कुणाला यूट्यूबसुद्धा बघू देत नाही. तुमच्याकडे विंडोज १० किंवा ११ ची प्रो आवृत्ती असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करा. दर वेळी नवं कोरं विंडोज उघडतं, बंद केलं की सगळं पुसलं जातं. होम आवृत्तीत ते नाही, तिथे व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक विंडोज बसवून त्याचा स्नॅपशॉट ठेवा. तेही जड वाटत असेल तर निदान क्यूटीच्या फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला आणि मग एक्झी उघडा. फसवी चाचणी आहे, कारण रनटाइम तुमच्या मशीनवर असतोच, पण निम्मं तरी उघडकीला येतं. उघडलं म्हणजे झालं असं मात्र नाही. एक बिल छापा, एक लोगो लावा, इंटरनेटवर जाणारं बटण दाबा. कांद्याच्या सकाळी मी नेमकं हेच केलेलं नव्हतं.

नाही चाललं तर अंदाज बांधत बसू नका, बघा. ‘डिपेंडन्सीज’ नावाचं मोफत साधन आहे, एक्झी त्यात टाकली की अख्खं झाड दिसतं आणि न सापडलेली नावं लाल होतात. इंटरनेटवर सगळीकडे जुन्या डिपेंडन्सी वॉकरचा सल्ला मिळेल. तो नव्या विंडोजवर नसत्या शंका काढतो, घाबरून जाल. पण डिपेंडन्सीजही छापील यादीच वाचतं. खसखशीसाठी सिसइंटर्नल्सचा प्रोसेस मॉनिटर लावा. तुमच्या एक्झीचं नाव आणि ‘नेम नॉट फाउंड’ हा निकाल अशी चाळणी लावली की ती कुठली फाइल कुठे शोधत होती ते ओळीने दिसतं. एकच डीएलएल चार ठिकाणी शोधून शेवटी कुठेतरी सापडलेली असते, त्या ओळी सोडून द्या. जी कुठेच सापडली नाही ती तुमची. आणि फक्त क्यूटीच्या प्लगइनची कुरबुर असेल तर क्यूटी_डीबग_प्लगइन्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून कमांड प्रॉम्प्टवरून एक्झी चालवा, ती स्वतःच बोलू लागते; तिचं बोलणं सिसइंटर्नल्सच्याच डीबगव्ह्यूमध्ये दिसतं.

‘मग सगळं एकाच एक्झीत कोंबलं तर?’ हा पुढचा प्रश्न येणारच. स्टॅटिक लिंकिंगने, म्हणजे लायब्ररी एक्झीतच मिसळून, होतं, पण तयार क्यूटी किट डायनॅमिक (सुट्या डीएलएलचं) असतं, त्यामुळे क्यूटी स्वतः बांधावी लागते, आणि साध्या लॅपटॉपवर त्यात तास जातात. शिवाय मोफत क्यूटी एलजीपीएल या खुल्या परवान्यावर मिळते. डायनॅमिक ठेवली तर क्यूटीची डीएलएल बदलून प्रोग्रॅम चालवायची मुभा गिऱ्हाइकाला आपसूक राहते. स्टॅटिक केली तर ऑब्जेक्ट फाइली देऊन तीच मुभा वेगळी द्यावी लागते, नाहीतर व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो. एका टॉवेल कारखान्याच्या कामासाठी हा उपद्व्याप मी करणार नाही. सगळं आवळून एकच एक्झी करणारी पॅकर साधनंही मिळतात, पण अँटिव्हायरस त्यांच्याकडे संशयाने बघतो. एकदा मालकांच्या पीसीवर लाल चौकट आली की त्यांना समजावत बसण्यात तुमचा दिवस जातो.

एक लायब्ररी नसलेली वस्तूही सामानात धरा: फाँट. बिलावर मराठी छापत असाल आणि तुमच्या लॅपटॉपवर मंगल असेल, तर नव्या विंडोज १० वर मंगल असेलच असं नाही. तिथे देवनागरीचे जादा फाँट वेगळे मागवावे लागतात, आणि अंगचा असतो तो निर्मला. विंडोज ७ वर उलट, मंगल असतो आणि निर्मला नसतो. अक्षरं दिसतात, पण रुंदी बदलते आणि ‘एकूण रक्कम’ रकान्याबाहेर जाते. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा खुल्या परवान्याचा फाँट सॉफ्टवेअरसोबतच न्या आणि सुरुवातीला क्यूटीच्या फाँट डेटाबेसमध्ये भरा.

इन्स्टॉलरसाठी मी इनो सेटअप वापरतो. त्याची स्क्रिप्ट वाचता येते. वर तयार झालेलं फोल्डर उपफोल्डरांसह आत घ्यायचं आणि व्हीसी-रीडिस्ट ‘क्वाएट’ आणि ‘नोरीस्टार्ट’ हे पर्याय देऊन गुपचूप चालवायचा. डेटाबेसची फाइल मात्र प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवू नका. साध्या युजरला तिथे लिहायची परवानगी नसते, आणि मग ‘बिलं सेव्ह होत नाहीत’ हा नवा फोन. प्रोग्रॅमडेटामध्ये स्वतःचं फोल्डर करून ठेवा, आणि त्या फोल्डरात साध्या युजरला लिहायची परवानगी इन्स्टॉलरमधूनच द्या.

आज रात्रीपुरतं एवढंच करा. मालकांच्या पीसीवरचं ते फोल्डर पूर्ण पुसायचं, त्यातली एकही फाइल पुन्हा वापरायची नाही. रिलीज बिल्ड, रिकामं फोल्डर, त्याच किटच्या प्रॉम्प्टमधून विनडिप्लॉयक्यूटी, आणि त्याने छापलेल्या सगळ्या ओळी एका टेक्स्ट फाइलमध्ये. मग मला तीन गोष्टी कळवा: किटचं पूर्ण नाव (त्यात मिंगडब्ल्यू की एमएसव्हीसी आणि ३२ की ६४ दोन्ही येतं), मालकांच्या पीसीवरचं विंडोज, आणि डेटाबेस कुठला आहे. मायएसक्यूएल असेल तर सर्व्हर त्यांच्याच पीसीवर आहे की दुसऱ्या, तेही लिहा. लिबमायएसक्यूएल कुठल्या आवृत्तीची घ्यायची ते त्यावरून सांगतो.